चूक त्याची, दोन सेकंद आपले

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉस एंजेलिसमध्ये मोटरसायकलचा अपघात झाल्याची खबर आली, की पोलीस आणि रुग्णवाहिकेच्या पाठोपाठ आणखी काही माणसे तिथे पोहोचत. ती सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातली संशोधक मंडळी असत. रस्त्यावर उमटलेल्या टायरच्या खुणा ती मोजत, गाडीचे आणि हेल्मेटचे बारकाईने निरीक्षण करत, समोरच्या मोटारवाल्याशी आणि बोलण्याच्या स्थितीत असेल तर जखमी चालकाशीही बोलत. या पथकाचे प्रमुख होते हॅरी हर्ट. त्यांनी ९००हून अधिक अपघात असे जागेवर जाऊन तपासले, शिवाय पोलिसांचे ३,६०० अहवाल चाळले. १९८१ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास 'हर्ट अहवाल' म्हणून ओळखला जातो. मोटरसायकल का पडते, या प्रश्नाचा विचार करणारा प्रत्येक जण आजही कधी ना कधी त्याच्यापाशी येतो.

अहवालातला एक निष्कर्ष मोटरसायकलवाल्यांच्या बाजूचा आहे. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झाले होते आणि त्यांतल्या दोन तृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाची होती. आधी जाण्याचा हक्क मोटरसायकलचा असताना त्याने मध्येच गाडी घातली होती. अमेरिकेत हे प्रामुख्याने चौकात डावीकडे वळताना घडते, आपल्याकडे उजवीकडे वळताना. आणि त्या चालकांचे म्हणणे बहुधा एकच असे, की मोटरसायकल मला दिसलीच नाही.

इथे थांबले तर हिशेब सोपा होता. पण हर्ट यांनी पुढचा प्रश्न विचारला: समोरच्याने चूक केल्यावर मोटरसायकलवाल्याने काय केले? धोका उभा राहिल्यापासून धडक बसेपर्यंत त्याला मिळालेला वेळ साधारणपणे दोन सेकंदांपेक्षा थोडा कमी होता. त्या क्षणी गाड्यांचा मध्यक वेग होता ताशी सुमारे ४८ किलोमीटर. म्हणजे ही शर्यत लावणारी पोरे नव्हती, कामावर निघालेल्या माणसांचा हा वेग आहे. त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक जाम झाले आणि गाडी घसरली. पुढचा ब्रेक पुरेसा लावलाच गेला नाही. गाडी वळवून धोका चुकवणे फारच थोड्यांना जमले. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण गाडी स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते.

चूक कोणाची, हे पंचनाम्यात ठरते, न्यायालयात ठरते, विम्याच्या कागदावर ठरते. ते ठरलेच पाहिजे आणि चूक करणाऱ्याला शिक्षाही झाली पाहिजे. पण हाडे मोडतात ती मोटरसायकलवाल्याची, मग न्याय कोणाच्याही बाजूने लागो. म्हणून दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतो. 'माझ्या सुरक्षिततेची जबाबदारी माझी' असे म्हणणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे. त्या दोन सेकंदांत जे करता येण्यासारखे आहे ते आधी शिकून ठेवणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोनाचे चार सेकंद कसे होतील हे पाहणे, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या देशात हा प्रश्न किती मोठा आहे हे २०२२ सालच्या सरकारी आकडेवारीवरून कळते. त्या वर्षी भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. दुसऱ्या कोणत्याही वाहनाचा वाटा याच्या जवळपासही नाही. 'धोका आहे तर दुचाकी चालवू नका' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. दूध घालणारा, तालुक्याच्या गावी नोकरीला जाणारी शिक्षिका, औषधांचा प्रतिनिधी, घरोघरी जेवणाची पार्सले पोहोचवणारा मुलगा, बाजारात भाजी नेणारा शेतकरी, या सगळ्यांचे पोट दुचाकीवर चालते. एसटी वेळेवर येत नाही, शहरातली बस भरलेली असते, मोटार परवडत नाही. दुचाकी राहणारच आहे. तेव्हा ती कशी चालवायची, हाच खरा प्रश्न.

सुरुवात 'दिसलीच नाही' या वाक्यापासून करू. हे वाक्य पुष्कळदा खरे असते, हे आधी मान्य करावे लागेल. चौकात थांबलेला मोटारचालक मान डावी-उजवीकडे वळवतो तेव्हा त्याची नजर सलग फिरत नाही, ती उड्या मारते. दोन उड्यांमधल्या अवधीत मेंदू डोळ्यांकडून येणारे अस्पष्ट चित्र गाळून टाकतो आणि तिथे काही नव्हतेच असा समज करून देतो. ट्रक या फटीत मावत नाही, मोटरसायकल सहज मावते. त्यात मोटारीच्या पुढच्या काचेलगतचा खांब. आजच्या मोटारींत तो चांगलाच जाड असतो आणि ऐन मोक्याच्या क्षणी एक अख्खी दुचाकी त्याच्याआड लपते.

शिवाय दिसूनही अंदाज चुकतो. सरळ आपल्या दिशेने येणारी वस्तू नजरेत एकाच जागी राहते, फक्त मोठी होत जाते. मोटारीची रुंदी वाढताना कळते, कारण मुळात ती रुंद असते. रात्री तिच्या दोन दिव्यांमधले अंतर वाढताना कळते. मोटरसायकल अरुंद, तिचा दिवा एक. ती अगदी जवळ येईपर्यंत बारीकच वाटते. लहान दिसणारी वस्तू पोहोचायला वेळ आहे, असे माणसाच्या मेंदूला वाटते. म्हणून समोरचा 'निघून जाईन' अशा खात्रीने गाडी पुढे घालतो. युरोपातल्या पाच देशांत १९९९-२००० या काळात ९२१ अपघातांचा असाच तपशीलवार अभ्यास झाला. त्यात निम्म्या अपघातांचे मुख्य कारण दुसऱ्या वाहनाच्या चालकाची चूक हे निघाले आणि त्या चुकांत मोटरसायकल न दिसणे सर्वांत वर होते. त्यात एक गोष्ट लक्ष वेधून घेते: ज्या मोटारचालकांकडे दुचाकीचाही परवाना होता, त्यांच्याकडून ही चूक बरीच कमी झाली. ज्याची अपेक्षा असते ते डोळ्याला दिसते.

हे कळल्यावर मोटरसायकलवाल्याचे वागणे बदलायला हवे. 'त्याने मला पाहिले असेल' हे गृहीत सोडून द्यावे लागते. चौकात उजवीकडे वळायला थांबलेली मोटार दिसली, की तिच्या चालकाच्या डोळ्यांकडे पाहून काही कळत नाही, कारण तो तुमच्याकडे पाहत असूनही तुम्हाला पाहत नसेल. तिच्या पुढच्या चाकाकडे पाहा. मोटार हलली हे चाकाच्या फिरण्यावरून सर्वांत आधी कळते. त्याच वेळी वेग थोडा उतरवा, दोन बोटे पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर ठेवा आणि रस्ता मोकळा असेल तर आपल्या लेनमध्येच जरा डावीकडे किंवा उजवीकडे सरका. एकाच जागी गोठलेल्या ठिपक्यापेक्षा आडवा सरकणारा ठिपका लवकर ध्यानात येतो.

कपड्यांचा रंगही मोजला गेला आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागात झालेला एक अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. चमकते किंवा प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालणाऱ्यांमध्ये अपघातात जखमी होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला, काळ्याच्या तुलनेत पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये २४ टक्क्यांनी, तर दिवसा हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांमध्ये २७ टक्क्यांनी. हेडलाइटचे काम आपल्याकडे सरकारने करून टाकले: १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. अजूनही समोरून येणारे लोक हाताची बोटे उघडझाप करून 'दिवा चालू राहिलाय' असे सांगतात, तो दिवा त्यांच्याच डोळ्यांसाठी आहे. रंगाचे मात्र आपल्याच हातात आहे. पावसाळ्यात, जेव्हा उजेड सर्वांत कमी आणि काचा सर्वांत धूसर असतात, तेव्हा आपल्या रस्त्यांवर बहुतेक रेनकोट काळे नाहीतर गडद निळे दिसतात. पुढचा रेनकोट घेताना पिवळा घ्यावा. तितक्याच पैशात मिळतो.

आणि बस, ट्रक, डंपर यांच्या डाव्या कडेने घुसू नये. लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतून, कडेला चिकटून जातात. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या आणि फुटपाथच्या मधली मोकळी जागा बघता बघता नाहीशी होते. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

आता ब्रेक. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त चुकीचे शिकवले जाते ते ब्रेकबद्दल. 'पुढचा ब्रेक मारू नकोस, पालथा पडशील' हे वाक्य न ऐकलेला दुचाकीस्वार महाराष्ट्रात सापडणे कठीण. सायकलवरून कोलांटी खाल्लेल्या पिढ्यांनी ते पुढच्या पिढ्यांना दिले. परिणाम असा, की अनेक जण आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर गाडी चालवतात आणि पुढची लिव्हर चढावर गाडी धरून ठेवायला वापरतात.

गाडी थांबू लागली, की तिचा आणि आपला भार पुढे सरकतो. पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, मागचा हलका होतो. दाबल्या गेलेल्या टायरची पकड वाढते, हलक्या झालेल्याची घटते. म्हणून जोरात थांबताना सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक काम पुढचे चाक करते. मागचे चाक त्या वेळी जवळपास निरुपयोगी असते आणि जास्त दाबले तर जाम होऊन आडवे घसरते.

हे हर्ट यांच्या दोन सेकंदांना लावून पाहू. वेग ताशी ४८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १३.३ मीटर. दोन सेकंदांत गाडी सुमारे २७ मीटर जाईल, समजा तेवढ्या अंतरावर एक मोटार आडवी येऊन उभी राहिली. कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर हा वेग शून्यावर यायला सुमारे १३ मीटर लागतात. धोका ओळखून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी १३ मीटर. एकूण २६. गाडी मोटारीच्या आधी थांबते, अगदी थोडक्यात, पण थांबते. आता लिव्हरवर बोटे नव्हती, लक्ष जरा दुसरीकडे होते आणि ब्रेक लागायला दीड सेकंद गेला असे धरू. वीस मीटर तर तसेच गेले. उरलेल्या सात मीटरमध्ये वेग फक्त ३३पर्यंत उतरतो आणि त्या वेगाने माणूस मोटारीवर आदळतो. आता तिसरी शक्यता: एका सेकंदात ब्रेक लावला, पण फक्त मागचा. मागच्या ब्रेकची ताकद एकूण ताकदीच्या साधारण निम्मी धरली तरी धडकेचा वेग पुन्हा ३३च्या आसपास येतो. चूक तिन्ही वेळा मोटारवाल्याचीच होती. एकदा मोटरसायकलवाला त्याला चार शब्द सुनावून घरी गेला, दोनदा रुग्णालयात.

पुढचा ब्रेक लावण्याची रीत आहे. लिव्हर झटक्याने आवळायची नाही. आधी हलके दाबायचे, भार पुढे येऊ द्यायचा आणि मग दाब वाढवत न्यायचा. हे सगळे अर्ध्या सेकंदाच्या आत. नजर लांब, गाडी सरळ, हँडल वळलेले नाही. वळणात, वाळूवर, खडीवर पुढचा ब्रेक जोरात लावला तर गाडी खरोखरच पडते, ती जुनी भीती अगदीच निराधार नव्हती. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. चाक जाम व्हायला लागले, की ही यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा लावते. लहान गाड्यांना निदान सीबीएस असते, त्यात एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना थोडा-थोडा लागतो. बऱ्याच गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते, आपल्या गाडीला काय आहे हे मालकाला माहीत असलेच पाहिजे.

पण एबीएस असो वा नसो, सराव लागतो. घाबरलेला माणूस विचार करत नाही, हातापायांना जी सवय असेल तेच ते करतात. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या, कोरड्या मैदानालगतच्या रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने सुरुवात करून दोन्ही ब्रेकांनी थांबायचे, मग तीस, मग चाळीस. किती अंतरात थांबलो ते पावलांनी मोजायचे. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, हे पुस्तकात वाचून पटत नाही, पावलांनी मोजले की पटते. परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. तोल तपासायला ते ठीक आहे, पण जीव वाचवणारे हे ब्रेकचे कौशल्य मुलामुलींना नीट शिकवायला हवे.

थांबण्याच्या अंतराचा दुसरा भाग रात्रीचा. ताशी साठच्या वेगाने, दीड सेकंद प्रतिसादाचा धरला तर थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात, ऐंशीला जवळजवळ ७०. दुचाकीचा खालचा झोत बऱ्याचदा चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच उपयोगी उजेड देतो. म्हणजे अनोळखी अंधाऱ्या रस्त्यावर साठच्या वर गेलेला माणूस जे दिसणार नाही त्याच्यावर विश्वास टाकून चालला आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगरच्या रस्त्यांवर ऊस भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला किंवा नाहीच, आणि पंक्चर झाली तर रस्त्यातच उभी. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावणे हे ट्रॅक्टरमालकाचे आणि कारखान्याचे काम आहे, ते करून घेण्यासाठी गावांनी भांडले पाहिजे. पण आज रात्री साडेनऊ वाजता कामावरून परतणाऱ्या माणसाने आपल्या उजेडाच्या आत थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. समोरून अप्पर लावलेली गाडी आली तर तिच्या दिव्यांकडे न पाहता आपल्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहावे आणि वेग आणखी उतरवावा.

वळणांबद्दल एक मजेदार ऐतिहासिक गोष्ट आहे. विमानाचा शोध लावण्याआधी राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते. डावीकडे वळताना तुम्ही नेमके काय करता, असे विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिले. पहिल्या प्रयत्नात पूर्ण बरोबर उत्तर कोणालाही देता आले नाही. उत्तर असे, की डावीकडे वळायला आपण हँडल आधी किंचित उजवीकडे नेतो, त्याने गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. चालत्या मोटरसायकलवर हे आणखी ठळक असते: डाव्या मुठीला पुढे ढकलले, की गाडी डावीकडे जाते. शरीर हे नकळत करत असते. पण अचानक समोर खड्डा किंवा कुत्रे आले, की घाबरलेला माणूस हँडल ज्या बाजूला जायचे त्या बाजूला ओढतो आणि गाडी नेमकी उलट जाते. एकेक मूठ हलकेच पुढे ढकलून पाहण्याचा सराव मोकळ्या सरळ रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात केला, तर ही गोष्ट हाताला कळते.

गाडी नजरेच्या मागे जाते, हेही तितकेच खरे. खड्ड्याकडे पाहत राहिलेला माणूस खड्ड्यातच जातो. घाटात कठड्याकडे पाहणारा कठड्याकडे. ताम्हिणी, वरंधा, आंबोली या घाटांत पावसाळ्यात तरुणांच्या टोळ्या जातात, त्यांचा आनंद मला समजतो. त्यांना एक सांगावेसे वाटते: उजव्या वळणावर चाके मधल्या रेषेच्या डावीकडे असली तरी कललेल्या गाडीवरचे डोके रेषेपलीकडे गेलेले असते, आणि समोरून एसटी येत असते. वळणाचा शेवट दिसेपर्यंत डावी कड सोडू नये, वेग वळणाच्या आधीच उतरवावा. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा नियम आहे. आणि पहिल्या पावसात सर्वांत जास्त जपावे, कारण उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ त्या पाण्यात कालवली जाते. झेब्रा पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, पुलाचे सांधे भिजले की तिथे ना ब्रेक, ना वळण.

मागे बसणाऱ्यांबद्दल फार थोडे लिहिले जाते. एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली बाई, मांडीवर मूल, हातात पिशवी, आणि पुढे न रंगवलेला गतिरोधक. चालवणाऱ्याला फक्त धक्का बसतो, ती मात्र मागे रस्त्यावर पडते, डोक्यावर. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर काही सेकंदांत सगळे घडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे आच्छादन असायलाच हवे. बरेच जण दिसायला बरे म्हणून ते काढून टाकतात. ते परत बसवून घ्यावे. मागे माणूस असताना गतिरोधकाला गाडी जवळजवळ थांबवावी. गाडी चालवणाऱ्याने बसणाऱ्याचीही जबाबदारी घेतलेली असते.

टायरची हवा महिन्यातून दोनदा तरी तपासणे, नक्षी झिजली की टायर बदलणे, चेन सैल न ठेवणे, स्टँड वर केल्याची खात्री करून निघणे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारूबद्दल एवढेच, की दुचाकी हा तोलाचा खेळ आहे आणि तोल हा दारूचा पहिला बळी. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, दुचाकीस्वाराने शून्याच्या वर जाऊ नये.

हेल्मेटचा मुद्दा मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतला, कारण हेल्मेट घातले की जबाबदारी संपली असा समज आहे. ते अपघात टाळत नाही. वरचे सगळे फसल्यावर ते कामाला येते. पण तेव्हा त्याला पर्याय नसतो.

पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू केली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. विरोधकांचा मुख्य मुद्दा असा होता, की शहरात गाड्या चाळीसच्या वर जातच नाहीत, मग हेल्मेट कशाला? मुद्दा ऐकायला रास्त वाटतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. गाडी उभी असताना तो नुसता आडवा पडला तरी डोके जमिनीवर ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने आदळते. हा वेग गुरुत्वाकर्षणाचा आहे, त्यात गाडीचा वेग अजून धरलेलाच नाही. उघडे डोके डांबरावर काही मिलिमीटरमध्ये थांबते. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर दोन-अडीच सेंटिमीटर दबतो आणि डोके तेवढ्या अंतरात थांबते. थांबायचे अंतर जितके पट वाढते, तितके पट मेंदूवरचे बल घटते. कठीण कवच हे बल पसरवते, जीव वाचवतो तो आतला दबणारा थर. म्हणूनच एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे लागते, दबलेला थर पुन्हा दबत नाही.

हेल्मेटमागच्या संशोधनाची सुरुवात एका प्रसिद्ध मृत्यूपाशी आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये डॉर्सेटमधल्या एका रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी वारले. डोक्यावर काही नव्हते. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर निरोप पोहोचवणारे लष्करी मोटरसायकलस्वार अपघातांत मरताना त्यांनी पाहिले, आकडे गोळा केले आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व सांगणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सर्वसामान्य नागरिकांसाठी तिथे कायदा व्हायला १९७३ साल उजाडले. आज जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे, की हेल्मेटमुळे अपघातग्रस्त मोटरसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

भारतात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले, त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ पुढच्या-मागच्या दोघांनाही लागू आहे आणि चार वर्षांवरच्या मुलांनाही. हेल्मेटवर आयएसआयची खूण हवी आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक. रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांत मिळणारी टोपी दंड वाचवते, डोके नाही. पट्टा बांधलेला नसेल तर पहिल्या धडकेत हेल्मेट एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट घ्यावे, कारण पडताना चेहरा बऱ्याचदा आधी लागतो. उकडते हे खरे, केस ओले होतात हेही खरे. मापाचे आणि हवा खेळती राहणारे हेल्मेट निवडणे, आतले अस्तर धूत राहणे, एवढा त्रास घेण्याजोगा आहे.

हे सगळे करूनही माणूस मरू शकतो. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने मागून धडक दिली आणि मोटरसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. त्यांनी स्वतः काय करायला हवे होते, असा प्रश्न तिथे कोणी विचारू नये. मागून येणाऱ्या बेफाम वेगापुढे कोणतेही कौशल्य चालत नाही. दहा मिनिटांत डिलिव्हरीचे घड्याळ लावणारी व्यवस्था, खड्डे, उलट्या दिशेने येणारी वाहने, बंद पथदिवे यांचाही हिशेब मागितला पाहिजे. खड्डे नसलेला, चांगल्या स्थितीतला रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले आहे. स्वतःची जबाबदारी घेणाऱ्या दुचाकीस्वाराचा हा हक्क मागण्याचा अधिकार कमी होत नाही, उलट त्याच्या बोलण्याला वजन येते.

राहिले, कोणी पडलेच तर काय करायचे ते. पडलेल्या दुचाकीस्वारापाशी बहुधा पहिला पोहोचतो तो दुसरा दुचाकीस्वारच. आधी मागून येणारी वाहने थांबवा, नाहीतर आणखी कोणी येऊन आदळेल. १०८ला फोन लावा, महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे. जखमी श्वास नीट घेत असेल तर त्याचे हेल्मेट काढण्याची घाई करू नका, मानेच्या मणक्याला इजा झालेली असू शकते. काच वर करा, पट्टा सैल करा. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र हेल्मेट काढावेच लागते, तेव्हा एकाने मान दोन्ही हातांनी स्थिर धरायची आणि दुसऱ्याने हेल्मेट सावकाश ओढायचे. पाणी पाजू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. इजेनंतरच्या पहिल्या तासाला कायद्यानेच 'गोल्डन अवर' म्हटले आहे, कारण या तासात उपचार मिळाले तर माणूस वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. आपल्या फोनच्या लॉक स्क्रीनवर घरच्यांचा नंबर आणि रक्तगट ठेवला असेल, तर मदत करणाऱ्याचा वेळ वाचतो. आणि पोलीस मागे लागतील म्हणून कोणी मागे हटू नये: सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. प्रामाणिकपणे मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, आणि रुग्णालय त्याला पैशांसाठी अडवू शकत नाही.